द्राक्षपट्ट्यातील पिंजरे: उंदीर, घूस आणि मुंगूस

जिवंत प्राणी अडकवणारा लोखंडी जाळीचा पिंजरा तासगाव भागात आठवडी बाजारापासून हार्डवेअरच्या दुकानापर्यंत कुठेही मिळतो, आणि त्याच्याकडून अपेक्षाही तितक्याच सरसकट ठेवल्या जातात. घरातला उंदीर, उसातली घूस, बेदाणा शेडमधली उंदरांची पैदास, खुराड्यावर येणारे मुंगूस, गोठ्यातले वासरू नेणारा बिबट्या, सगळ्यांवर एकच उपाय सुचवला जातो: पिंजरा लावा. प्रत्यक्षात या प्रत्येक ठिकाणी पिंजऱ्याचे काम वेगळे आहे. बंदिस्त जागेत तो उत्तम साधन ठरतो. उघड्या शिवारात त्याचा खरा उपयोग उपद्रव मोजण्यासाठी होतो. मांसभक्षक वन्य प्राण्यांच्या बाबतीत मात्र तो शेतकऱ्याच्या हातातले साधनच नाही.

परदेशात, विशेषतः न्यूझीलंडमध्ये, अशा पिंजऱ्यांची बरीचशी चर्चा फेरेट या प्राण्याभोवती फिरते. फेरेट म्हणजे युरोपातल्या पोलकॅट नावाच्या लांबट अंगाच्या शिकारी प्राण्याचे माणसाळलेले रूप. भारतात ते रानात आढळत नाही. उंदीर, अंडी आणि कोंबडीची पिल्ले यांवर डोळा ठेवणारा, बिळात सहज शिरणारा बारका शिकारी म्हणून इकडे मुंगसाकडेच बोट दाखवावे लागते. कुळाने दोघे वेगळे, पण शेतकऱ्याशी असलेला त्यांचा व्यवहार बराच सारखा आहे. एका बाजूने तो उंदीर कमी करतो, दुसऱ्या बाजूने खुराड्यावर हात मारतो.

तासगाव तालुका 1949 पर्यंत सातारा जिल्ह्यात होता. त्या वर्षी दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि 1960 साली त्याला सांगली हे नाव मिळाले. पश्चिमेला कृष्णा आणि येरळेच्या बाजूला ऊस, पूर्वेला मुरमाड माळावर ठिबकावर उभी राहिलेली द्राक्षे, हंगामात बेदाणा शेडच्या रांगा आणि रब्बीत शाळू, असा इथला पीकनकाशा. ताकारी, म्हैसाळ, टेंभू या उपसा योजनांचे पाणी फिरू लागल्यावर ऊस कोरड्या भागाकडेही सरकला. कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या दृष्टीने हा बदल मोठा होता, कारण कुठली जात कुठे राहणार हे मुख्यतः जमिनीच्या ओलीवर ठरते.

सगळ्यात जास्त नुकसान करते ती लहान घूस. शेतकरी तिला अनेकदा काळा उंदीरच म्हणतात. वजन पाव किलोच्या आसपास, आखूड तोंड, अंगावर दाट राठ केस. तिला पाटाचा किंवा कालव्याचा बांध, ओली जमीन आणि दाट सावली आवडते. बिळाच्या तोंडाशी ताज्या मातीचा ढीग पडलेला दिसतो आणि आत धान्याचा साठा असतो. गर्भकाळ जेमतेम तीन आठवड्यांचा आणि एका वेताला सरासरी सहा ते आठ पिल्ले, त्यामुळे चार घुशी मारल्याने शिवार मोकळे होत नाही. मोठी घूस तिच्याहून कितीतरी जड, किलोच्या घरात जाणारी. ती वस्तीच्या कडेला, गटारी, गोठे, जुनी घरे आणि वखारींच्या पायाखाली राहते. मुरमाड, कोरड्या रानात हरणउंदीर म्हणून ओळखला जाणारा लांब शेपटीचा उंदीर आणि मऊ केसांचा शेतउंदीर भेटतो, तर घराच्या आढ्यावर आणि शेडच्या अँगलवर काळसर घरउंदीर. त्याशिवाय जेमतेम दहा ग्रॅम वजनाचा छोटा शेतउंदीर आहे. तो साध्या पिंजऱ्याच्या जाळीतून आरामात बाहेर पडतो आणि आमिष संपले तरी पिंजरा रिकामा कसा, असा प्रश्न मागे ठेवतो.

चिचुंद्री या यादीत चुकून येते. दिसायला उंदरासारखी असली तरी ती कुरतडणारी नाही. लांब नाकाने ती झुरळे, किडे आणि अळ्या शोधून खाते. पिंजऱ्यात चिचुंद्री सापडली की तिला मारण्याची पद्धत आहे. घरात झुरळे असणाऱ्याने तरी तसे करू नये.

नुकसानीचे प्रकार पिकानुसार बदलतात. उसात जमिनीलगतची कांडी कुरतडली जातात, तिथून लाल कूज शिरते आणि साखर उतरते. वाऱ्याने लोळलेला ऊस सर्वात जास्त मार खातो, कारण खाली उंदराला घारीपासून आडोसा आणि तोंडाशी खाद्य दोन्ही मिळते. द्राक्षबागेत घडांपेक्षा ठिबकच्या नळ्यांची हानी जास्त त्रासाची. कोरड्या दिवसांत उंदीर आणि खारी पाण्यासाठी लॅटरल कुरतडतात, पंप सुरू केल्यावर पाणी एका जागी उसळते आणि पुढच्या वेली तहानलेल्या राहतात. इथे एक सोपा उपाय पिंजऱ्याच्याही आधी करता येतो: बागेच्या कडेला जमिनीलगत पाण्याची उथळ भांडी ठेवणे. नळ्यांवरचा हल्ला त्याने थांबत नाही, कमी होतो. बेदाणा शेडमध्ये प्रश्न निराळाच असतो. उंदीर खातो किती यापेक्षा तो लेंड्या आणि लघवीने घाण किती करतो, याला किंमत आहे. सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन आहे आणि माल परदेशीही जातो. अशा मालात एक लेंडी सापडली तरी सगळी खेप संशयात येते.

याच कारणाने शेडमध्ये विषाचा वापर अडचणीचा ठरतो. झिंक फॉस्फाइड पोटात गेल्यावर फॉस्फीन वायू सोडते आणि त्यावर थेट उतारा नाही. ते शेतात बिळात घालायचे, खाण्याच्या मालाशेजारी नाही. शिवाय एकदा पोटात दुखून वाचलेला उंदीर तीच चव पुन्हा शिवत नाही. ब्रोमाडिओलोनसारखी रक्त गोठू न देणारी औषधे सावकाश काम करतात, त्यामुळे उंदराला संशय येत नाही, पण तो मरायला कुठे जाईल ते सांगता येत नाही. रॅकच्या फटीत किंवा छतावर मेलेला उंदीर आठवडाभर शोधत बसावा लागतो. विष खाल्लेला उंदीर गव्हाणी घुबडाच्या किंवा मांजराच्या पोटात गेला तर विष तिथेही पोचते. चिकट पाट्यांवर अडकलेला प्राणी तासन्‌तास तडफडतो. भारतीय प्राणी कल्याण मंडळाने त्यांच्यावर बंदी घालण्याची सूचना राज्यांना केली असून अनेक राज्यांनी ती अमलातही आणली आहे. हे सगळे वजा केले की बंदिस्त जागेत पिंजराच उरतो.

पिंजऱ्याचे प्रकार बरेच असले तरी तत्त्वे दोनच. पहिल्यात आमिष आतल्या टोकाला आकड्यावर लटकते. उंदराने ते ओढले की कळ सुटते आणि स्प्रिंगवरची झडप पडते. दुसऱ्यात मधे एक पट्टी असते आणि तिच्यावर पाय पडला की दार बंद होते. आकड्याचा पिंजरा स्वस्त, पण त्यात हुशार उंदीर आमिष कडेकडेने कुरतडून नेतो. पट्टीच्या पिंजऱ्याला आमिष ओढले जाण्याची गरजच नसते. म्हणून सुटे दाणे, ओले पदार्थ काहीही चालते. संशोधनात वापरला जाणारा शर्मन सापळा याच दुसऱ्या प्रकारचा, घडी होणारा पत्र्याचा डबा असतो. तिसरा एक प्रकार अनेक उंदीर एकावेळी धरणारा. त्यात नसराळ्यासारखे तोंड किंवा आत जाऊ देणारी पण बाहेर येऊ न देणारी फळी असते. पहिला उंदीर आत फिरताना दिसला की दुसरा धीटपणे शिरतो, त्यामुळे वखारीसाठी हा चांगला. तंजावर भागातला बांबूचा कमानी सापळा प्रसिद्ध आहे, पण तो पिंजरा नव्हे. त्यात उंदीर जागच्या जागी मरतो.

विकत घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. जाळीचे भोक अर्ध्या इंचाहून मोठे नसावे, आणि छोट्या उंदरांसाठी पाव इंच. घुशीसाठी पिंजरा किमान दीड फूट लांब हवा, नाहीतर दार शेपटीवर किंवा पाठीवर पडते आणि ती मागे सरकून निसटते. आणि झडप पूर्ण खाली बसल्यावर तिला आतून उचलता येऊ नये. घुशीच्या मानेत भरपूर जोर असतो आणि सैल झडप ती नाकाने वर करते. बाजारात मिळणारे बरेच पिंजरे या शेवटच्या परीक्षेत नापास होतात. झडपेला वरून आडवी कडी बसवून घेतली की काम भागते.

लावण्याच्या जागेवर यशाचा मोठा वाटा अवलंबून असतो. उंदीर मोकळ्या जागेतून धावत नाही, भिंतीला अंग घासत जातो, आणि त्याची वाट रोजची असते. भिंतीच्या खालच्या कडेला काळपट तेलकट पट्टा दिसतो, धुळीत पावले आणि शेपटीची रेघ दिसते, लेंड्या एका ओळीत पडलेल्या असतात. पिंजरा त्या वाटेवर, भिंतीला लागून, तोंड वाटेच्या दिशेला करून ठेवावा. शेडमध्ये घरउंदीर वरच्या अँगलवरून फिरतो, म्हणून जमिनीवर ठेवलेल्या पिंजऱ्याकडे तो ढुंकूनही पाहत नाही. तिथे पिंजरा वरच आडव्या पट्टीला तारेने बांधावा लागतो. शेतात ताज्या मातीच्या ढिगाशेजारी, बिळाच्या तोंडापासून हातभर अंतरावर, पिंजऱ्याची तळजाळी मातीने झाकून ठेवतात. पायाखाली तार लागली की घूस बिचकते. पिंजरा डगमगता कामा नये. हलणाऱ्या पिंजऱ्यात एकदा पाऊल टाकलेला उंदीर पुन्हा येत नाही. वरून गोणपाट टाकले तर आत अंधार राहतो आणि अडकलेला प्राणीही शांत बसतो.

उंदीर नव्या वस्तूला घाबरतो, आणि हा स्वभाव लक्षात न घेतल्यामुळेच बहुतेक पिंजरे पहिल्या आठवड्यात बदनाम होतात. त्यावर उपाय म्हणजे दोन-तीन रात्री पिंजरा दार बांधून उघडाच ठेवायचा आणि आत बाहेर आमिष टाकत राहायचे. आमिष संपू लागले की मगच कळ चढवायची. एक पिंजरा महिनाभर लावत बसण्यापेक्षा दहा पिंजरे एकाच रात्री चढवलेले बरे, कारण पहिल्या दोन रात्रींतच बहुतेक उंदीर सापडतात आणि पुढे उरलेले शहाणे होतात. पिंजरा उकळत्या पाण्याने धुऊन माणसाचा आणि आधीच्या उंदराचा वास घालवावा, असा सल्ला घरोघरी दिला जातो. पण अनेक प्रयोगांत दिसले आहे की उंदराचा वास लागलेल्या सापळ्यात त्याच जातीचे उंदीर जास्त येतात. धुवायचे ते रोगाच्या भीतीने. पकड वाढावी म्हणून धुण्याची गरज नाही.

आमिष ठरवताना साधा नियम आहे: तिथे जे मुबलक आहे ते आमिष म्हणून चालत नाही. बेदाणा शेडमध्ये बेदाण्याला कोण विचारतो? तिथे भाजलेले खोबरे, तळलेले भजे, तेल लावलेली भाकरी चालते. कोरड्या रानात उन्हाळ्यात काकडीची फोड किंवा टोमॅटो सर्वात जास्त काम करतो, कारण उंदराला भुकेपेक्षा तहान जास्त असते. शेंगदाणे सगळीकडे चालतात, भुईमुगाच्या रानात सोडून. सुके बोंबील किंवा सुकट लावली तर वास दूर जातो हे खरे, पण त्या वासाने मांजर, मुंगूस आणि रानमांजरही येते. उंदरासाठी वनस्पतिजन्य आमिष पुरेसे असताना मासळी लावू नये.

वेळेबाबतही असेच आहे. उंदीर आणि घूस रात्रीचे प्राणी आहेत. मुंगूस आणि खार दिवसा फिरतात. अंधार पडताना पिंजरा चढवला आणि उजाडताच कळ उतरवली, तर मुंगूस त्यात सापडण्याची शक्यता जवळजवळ उरत नाही. उदमांजर आणि रानमांजर रात्रीच निघतात, पण चार इंच रुंदीच्या तोंडातून ते सहसा आत येत नाहीत. एवढ्या दोन गोष्टी पाळल्या तर पुढे येणारे कायद्याचे बहुतेक प्रश्न उद्भवतच नाहीत. सकाळी पिंजरा बघणे हा नियम मात्र चुकवायचा नाही. मार्च-एप्रिलच्या उन्हात पत्र्याच्या शेडखाली बंद पिंजऱ्यातला प्राणी दुपारपर्यंत तहानेने आणि तापून मरतो. न्यूझीलंडच्या 1999 च्या प्राणी कल्याण कायद्यात जिवंत धरणारा सापळा रोज सूर्योदयानंतर बारा तासांच्या आत तपासण्याचे बंधन घातले आहे. आपल्याकडच्या हवेत बारा तासही फार झाले.

उघड्या शिवारात पिंजऱ्याची मर्यादा चटकन कळते. एकराला वीस पिंजरे लावून चार रात्रीत पंधरा घुशी धरल्या तरी शेजारच्या बांधातून आठवड्यात तितक्याच येतात. म्हणून शेतात उंदीर-नियंत्रण हे गावाने मिळून, मे-जूनमध्ये, पेरणीच्या आधी करायचे काम आहे. त्या वेळी रानात खाद्य कमी असते, पिकाचा आडोसा नसतो आणि पावसाळी वीण सुरू व्हायची असते. बांध अरुंद ठेवणे, बांधावरचे गवत काढणे आणि उसाचे पाचट बांधालगत ढिगाने न ठेवता सरीत पसरणे यांचा परिणाम कुठल्याही सापळ्याहून टिकाऊ आहे. गव्हाणी घुबडाला जुन्या विहिरीत किंवा पडक्या वाड्यात राहू दिले तर ते रात्रभर फुकट राबते. अशुभ म्हणून घुबडाला हुसकणाऱ्या गावाने उंदरांची तक्रार करण्यात अर्थ नाही.

मग शेतात पिंजरा कशाला? मोजणीसाठी. संध्याकाळी सगळी बिळे मातीने बुजवायची आणि सकाळी किती उघडली ते मोजायचे. उघडलेली बिळे म्हणजे चालू बिळे. याच्या जोडीला पिंजरे लावले तर कोणती जात आहे तेही कळते. वीस पिंजरे पाच रात्री लावणे म्हणजे शंभर पिंजरा-रात्री, आणि त्यात बारा प्राणी सापडले तर पकड बारा टक्के, असा हिशेब ठेवतात. उपाय करण्यापूर्वीची आणि नंतरची टक्केवारी शेजारी ठेवली की उपाय लागू पडला की नाही हे अंदाजावर सोडावे लागत नाही. देशातल्या कुरतडणाऱ्या प्राण्यांवरच्या कृषी संशोधनाचे केंद्र जोधपूरच्या काझरी संस्थेत आहे, आणि तिथल्या कामाचा पायाही अशाच मोजणीवर उभा आहे.

मोजणीचा हा उपयोग रोगाच्या बाबतीत आणखी जुना आहे. 1896 साली मुंबईत प्लेग शिरला आणि पुढच्या काही वर्षांत दख्खनभर पसरला. गावे ओस पाडून लोक रानात झोपड्या बांधून राहू लागले. 1898 साली पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने उंदरावरच्या पिसवेतून रोग पसरतो हे कराचीत प्रयोगाने दाखवले, पण ते पटायला वेळ लागला. 1905 नंतर परळच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या प्लेग मंडळाने मुंबईतले उंदीर सापळ्यांत धरून रोज तपासले आणि रोग आधी उंदरांत, मग माणसांत येतो हे आकड्यांनी सिद्ध केले. त्यांनी गिनी पिग नावाचे निरुपद्रवी प्राणी रोगट घरांत सोडून त्यांच्या अंगावर जमणाऱ्या पिसवा मोजल्या. जिवंत उंदीर धरणाऱ्या पिंजऱ्याचे आरोग्य खात्याच्या दृष्टीने महत्त्व आजही तेच आहे. मेलेला उंदीर थंड पडला की पिसवा त्याला सोडून जातात, म्हणून मोजणीसाठी तो जिवंतच लागतो. एका उंदरामागे सरासरी एकाहून जास्त पिसवा मिळाल्या तर तो धोक्याचा इशारा मानतात. 1993 च्या किल्लारी भूकंपानंतरच्या वर्षी, ऑगस्ट 1994 मध्ये, बीड जिल्ह्यातील मामला गावी प्लेग पुन्हा दिसला तेव्हा पिसवा आणि मेलेले उंदीर यांच्या तक्रारी आधीच येऊ लागल्या होत्या. गावात एकाएकी उंदीर मरून पडू लागले तर त्यांना हात न लावता प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवणे, हा धडा तेव्हापासूनचा आहे.

पकडलेल्या प्राण्याचे पुढे काय करायचे, या प्रश्नाकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. पिंजरा तसाच हौदात बुडवण्याची पद्धत सर्रास आहे. उंदीर चांगला पोहणारा प्राणी असल्याने त्याचा जीव जायला बराच वेळ लागतो. अनावश्यक क्रूरतेने मारण्याला 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याची हरकत आहे. मारायचेच असेल तर ते एका घावात व्हावे. दुसरी पद्धत येरळेच्या काठावर किंवा दुसऱ्याच्या रानात नेऊन सोडण्याची. तिच्यात प्रश्न फक्त पत्ता बदलतो. पिंजरा हाताळताना जाड हातमोजे आवश्यक आहेत, कारण उंदराच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस होतो आणि हातापायाच्या भेगांतून जंतू आत शिरतात. मेलेला प्राणी खोल पुरून वर चुना टाकावा आणि पिंजरा ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने धुवून उन्हात ठेवावा.

आता मुंगसाकडे. उंदीर-घुशींना पकडायला कायद्याची मनाई नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या जुन्या पाचव्या परिशिष्टात ते उपद्रवी म्हणूनच नोंदलेले होते. 2022 च्या दुरुस्तीने ते परिशिष्ट काढून टाकले, पण संरक्षणाच्या यादीत उंदीर आले नाहीत. मुंगूस, उदमांजर, जवादी मांजर, रानमांजर, खोकड, कोल्हा हे मात्र संरक्षित आहेत. कायद्यात शिकार या शब्दात मारण्याबरोबर पकडणे, सापळा लावणे, फासा लावणे हेही येते. अर्थात खुराड्यापाशी मुंगसासाठी पिंजरा चढवणे हीच शिकार ठरते, मग ते सापडो वा न सापडो. पहिल्या परिशिष्टातल्या प्राण्यांसाठी किमान तीन वर्षांच्या कैदेची तरतूद आहे. उंदराच्या पिंजऱ्यात चुकून मुंगूस सापडले तर पिंजऱ्यावर गोणपाट टाकून, आडोशाला नेऊन, दार स्वतःपासून दूर ठेवून लांब काठीने उघडावे. ते सरळ पळते, पण घाबरलेले मुंगूस चावते.

खुराड्याचा बंदोबस्त हे सुताराचे काम आहे. अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी, ती जमिनीत फूटभर पुरलेली, दाराला बाहेरून खिट्टी आणि रात्री कोंबड्या आत. एवढे केले की मुंगूस, उदमांजर आणि घूस तिघांचीही वाट बंद होते. षटकोनी भोकांची पातळ जाळी कोंबड्यांना आत ठेवते, शिकाऱ्याला बाहेर ठेवत नाही. शिवाय उसातल्या घुशींवर शेतकऱ्याला पगाराविना मिळालेला गडी म्हणजे मुंगूसच.

या गड्याला परदेशात नेल्याची कहाणी उसाशीच जोडलेली आहे. 1872 साली जमैकातील मळेवाले विल्यम बँक्रॉफ्ट एस्प्यूट यांनी उसातल्या उंदरांसाठी कलकत्त्याहून नऊ मुंगसे मागवली. ही जात दख्खनच्या करड्या मुंगसाहून लहान. तिथून त्यांची पिलावळ 1883 मध्ये हवाईला गेली. सुरुवातीला उंदीर कमी झाले, मग मुंगसांनी जमिनीवर अंडी घालणारे पक्षी आणि सरडे संपवायला घेतले, कारण उंदीर रात्री बाहेर पडतो आणि मुंगूस दिवसा. जपानच्या अमामी ओशिमा बेटावर 1979 मध्ये विषारी हाबू सापांसाठी सुमारे तीस मुंगसे सोडली, तिथेही हेच घडले. साप रात्रीचा, मुंगूस दिवसाचे, आणि जीव गेला तो तिथल्या दुर्मीळ सशांचा. ती चूक निस्तरायला 2005 पासून खास पथक नेमून हजारो सापळे लावावे लागले. शेवटचे मुंगूस 2018 मध्ये सापडले आणि बेट मुंगूसमुक्त झाल्याची घोषणा सप्टेंबर 2024 मध्ये झाली. न्यूझीलंडने 1880 च्या दशकात सशांवर फेरेट सोडले. आता तोच देश 2002 पासून फेरेटची पैदास आणि विक्री बंद करून, किवी पक्षी वाचवण्यासाठी, फेरेट धरणारे सापळे रानोरान लावतो आहे. तिकडे पिंजरा लावणे हे कर्तव्य आणि इकडे तोच गुन्हा, यात विसंगती काही नाही. तो प्राणी तिथे उपरा आहे, इथे मूळचा.

सर्वात मोठा पिंजरा बिबट्याचा. शिराळा, कराड, पाटण या भागांत उसात बिबट्या वाढतो, आणि पिंजऱ्याची मागणी दरवर्षी होते. वन विभागाचा पिंजरा दोन कप्प्यांचा असतो. मागच्या कप्प्यात शेळी सुरक्षित राहते आणि पुढच्या कप्प्यात पट्टीवर पाय पडताच सरकते दार खाली येते. यातल्या तंत्रापेक्षा त्यानंतरचा अनुभव महत्त्वाचा आहे. पुणे जिल्ह्यातील जुन्नर वन विभागात 2001 नंतर मोठ्या प्रमाणावर बिबटे पकडून दूरच्या जंगलांत सोडण्यात आले. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसले की त्याआधी वर्षाला सरासरी चार असलेले माणसांवरचे हल्ले 2001 ते 2003 या काळात सतरावर गेले, आणि त्यांतल्या जीवघेण्या हल्ल्यांचे प्रमाण 18 टक्क्यांवरून 36 टक्क्यांवर पोचले. अनोळखी मुलखात टाकलेला बिबट्या परत फिरतो किंवा वाटेतल्या वस्तीशी झगडतो, आणि रिकाम्या झालेल्या जागी नवा, तरुण बिबट्या येतो. घुशीच्या बाबतीत शेजारच्या बांधातून जे घडते तेच इथे मोठ्या मापाने घडते.

केंद्र सरकारच्या 2011 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार बिबट्या नुसता दिसला म्हणून तो पकडू नये. पकडायचा झाल्यास कलम 11 खाली मुख्य वन्यजीव रक्षकांचा लेखी आदेश लागतो, आणि पिंजरा लावतो तो वन विभागच. गावकऱ्यांनी वर्गणी काढून बनवलेला पिंजरा शेतात ठेवणे बेकायदा आहे. उंदराच्या पिंजऱ्यात चुकून सापडलेले मुंगूस असो किंवा उसात दिसलेली बिबट्याची पिल्ले, कळवायचा क्रमांक एकच आहे: वन विभागाची ‘हॅलो फॉरेस्ट’ सेवा, 1926.